सातबारा अजून वाढतोच आहे

माननीय संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात लोकसंख्येवर एका वाचकाचं पत्र आलं होतं. दोनच्या वर मुलं झाली की रेशन बंद, सरकारी दवाखाना बंद, मतदानाचा हक्क बंद, असा कडक कायदा करा म्हणून. आमच्या पारावर ते मोठ्याने वाचून झालं, निम्म्या लोकांनी माना डोलावल्या, मीपण डोलावली असती पण मी ३५ वर्षं तलाठी म्हणून काढलीत (आता त्या पोस्टला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नाव लांब झालं, सजा तीच) आणि ८१, ९१, २००१ अशा तीन जनगणनांना दारोदार फिरलोय, त्यामुळे माझी मान काय हलेना. त्या वाचकाची काळजी खोटी नाही हे आधीच सांगतो. पण त्यांना जे भविष्यात होईल असं वाटतंय ते होऊन गेलंय, आणि त्याचं बिल आत्ता यायला लागलंय. वय ७५, मोबाइलवर नातवाने मराठी कीबोर्ड टाकून दिलाय, तेव्हा चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आमच्याच घरचं सांगतो, दुसऱ्याचं सांगितलं तर मारामारी व्हायची. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा. आज्याच्या नावावर २८ एकर जिरायत रान होतं. त्याला पोरं चार, म्हणजे वाट्याला सात-सात एकर. माझ्या वडलांना आम्ही तिघं भाऊ, प्रत्येकी २ एकर १३ गुंठे. थोरल्या चुलत्याला पाच पोरं, त्यांना प्रत्येकी १ एकर १६ गुंठे. त्यातल्या एका चुलतभावाला तीन पोरं, आता करा हिशोब, अठरा-एकोणीस गुंठे येतात. २८ एकरावरून अठरा गुंठ्यावर यायला आम्हाला तीन पिढ्या लागल्या, कुणी जुगार खेळला नाही की दारूत रान घातलं नाही, सावकाराने नेलं नाही, धरणात गेलं नाही. नुसते वारस लागत गेले. त्या गटाच्या सातबाऱ्यावर आज ४१ नावं आहेत आणि आणेवारी (ज्याचा त्याचा हिस्सा) लिहिताना नव्या तलाठ्याला कॅल्क्युलेटर लागतो. बांधाने किती रान खाल्लं ते वेगळंच, पूर्वी जिथे एक बांध होता तिथे आता नऊ आहेत आणि नऊही बांधांवर भांडण आहे. बहिणींची हक्कसोड पत्रं घेऊन हे असं आहे बरं का, १९९४ ला आपल्या राज्याने आणि २००५ ला केंद्राने मुलींना वडिलोपार्जितात बरोबरीचा वाटा दिलाय, तो त्यांनी खरंच मागितला (आणि मागावाच, माझं तरी म्हणणं तसं आहे) तर अठराचे नऊ व्हायला वेळ नाही.

हे आमच्या एका घराचं रडगाणं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. सरकारची दर पाच वर्षांनी कृषी गणना होते. १९७०-७१ ला महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर होतं, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ ला १.३४ हेक्टर, सव्वातीन एकर. देशाचं २.२८ वरून १.०८ वर आलं. बिहारचं तर ०.३९ हेक्टर आहे, एक एकरसुद्धा भरत नाही. आमच्याकडे द्राक्षबागेत विरळणीला बिहारची पोरं येतात, लोक म्हणतात ही कुठून एवढी आली, अहो ती त्या ०.३९ मधून आली! त्यातल्या एकाला मी विचारलं होतं गावाकडे किती जमीन, तर त्याने हाताने अंगणाएवढं दाखवलं आणि म्हणाला सहा भावांत.

आता यावर तुकडेबंदीचा कायदा आहे की, १९४७ पासून आहे. एका मर्यादेपेक्षा छोटा तुकडा पाडायचा नाही. गंमत अशी की माणसं वाढत गेली तशी ती मर्यादाच खाली आणावी लागली, २०२३ साली राज्याने प्रमाणभूत क्षेत्र बागायत १० गुंठे आणि जिरायत २० गुंठे केलं. माझ्या चुलतभावाच्या पोरांना येतात अठरा-एकोणीस, जिरायत. म्हणजे त्यांची वेगवेगळी वाटणी कागदावर होऊच शकत नाही, नावं नुसती सामाईकात चढत राहणार. सामाईकातलं रान म्हणजे काय हे शेतकऱ्यालाच कळतं, कर्जाला सगळ्यांच्या सह्या, ठिबकच्या अनुदानाला सगळ्यांची संमती, आणि ४१ जणांत एखादा सुरतला, एखादा दुबईला आणि एखादा असा की जो दुसऱ्याचं बरं होतंय म्हटल्यावर सही करतच नाही.

विहिरीचं ऐका. आज्याने खोदलेली विहीर, चार भावांत आठ दिवसांची पाळी, प्रत्येकाला दोन दिवस. ती पाळी मोडत मोडत आज चुलतभावाच्या पोराचा त्या विहिरीत साठावा हिस्सा येतो. साठावा! त्याने काय बादली भरून न्यायची? मग प्रत्येकाने बोअर मारलं. पहिल्याला दीडशे फुटाला लागलं, शेवटच्याला पाचशेला फुफाटा लागला. आणि विहीर कोरडी पडली ती पडलीच. पावसाचं पाणी जेवढं पडायचं तेवढंच पडतंय, देशाच्या हिशोबात १९५१ साली माणशी ५,१७७ घनमीटर पाणी वर्षाला वाट्याला यायचं, २०११ ला १,५४५. सतराशेच्या खाली गेलं की पाण्याचा ताण समजतात. लोक म्हणतात पाणी कमी झालं, मी म्हणतो वाटेकरी वाढले, त्यात आणखी ऊस लावला तो वेगळा, पण त्यावर लिहिलं तर आमच्या भागात मला चहा मिळायचा बंद होईल.

मग ही माणसं वाढली कशी? पोरं पूर्वीसुद्धा ढिगाने व्हायची. माझ्या आजीला अकरा झाली, जगली पाच. तिच्या आधीच्या पिढीत मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ आली होती, १९१८ ची, गावंच्या गावं आजारी, प्रेतं उचलायला माणूस नाही असं आजी सांगायची. १९११ आणि १९२१ च्या जनगणना शेजारी ठेवल्या तर दिसतं की त्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी थोडी कमी झाली, २५ कोटींच्या घरात होती तिथेच राहिली. त्यानंतर मात्र पुन्हा कधी मागे आली नाही. देवी गेली, प्लेग गेला, पटकीला सलाइन आलं, मलेरियावाला घरावर नंबर टाकून फवारणी करायला लागला. १९५० च्या आसपास आपल्याकडे सरासरी आयुष्य ३२ वर्षांचं होतं, आता सत्तरच्या घरात आहे. माणसं मरायची थांबली पण पोरं व्हायचा वेग तोच राहिला, त्या दोन गोष्टींच्या मधल्या फटीतून ही सगळी गर्दी आली. १९५१ ला ३६ कोटी, ७१ ला ५५ कोटी, ९१ ला ८४ कोटी, २०११ ला १२१ कोटी. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये युनोने सांगितलं की आपण चीनला मागे टाकलं, १४२ कोटी ८६ लाख. तेव्हा एका चॅनेलवर हे असं सांगत होते की जणू वर्ल्डकप आला.

१९२१ वरून आठवलं, त्याच साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. पुढे त्यापायी कॉलेजातली नोकरी गेली, खटले झाले, लोकांनी तोंडात शेण घातलं. म्हणजे ज्या साली ही वाढ सुरू झाली त्याच साली ओरडून सांगणारा माणूस आपल्यातच होता, मराठीतच बोलत होता. सरकारने १९५२ ला कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम घेतला, जगात पहिला आपलाच. लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर आला. पण भिंतीवरून घरात यायला त्याला पुढची पंचवीस-तीस वर्षं लागली, आणि त्या पंचवीस-तीस वर्षांत जी पोरं झाली त्यांची पोरं आज माझ्या सातबाऱ्यावर आहेत.

इथे मला त्या वाचकाला हात जोडून सांगायचंय की साहेब, आज पोरं जास्त होत नाहीयेत. १९५० च्या सुमाराला देशात एका बाईला सरासरी सहा मुलं व्हायची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ती दोनवर आलीत. महाराष्ट्रात १.७, गोव्यात १.३. दोन माणसांच्या जागी दोन यायला २.१ लागतात, म्हणजे आपण त्याच्या खाली आहोत. बिहार ३, युपी २.४, तेही उतरतंय. आमच्या झेडपीच्या शाळेत एकेकाळी चार शिक्षक आणि व्हरांड्यातसुद्धा पोरं बसायची, आता पटसंख्या १४ आहे आणि शाळा बंद पडू नये म्हणून सरपंच वस्तीवर जाऊन पोरं मागतात.

मग तरी लोकसंख्या का वाढते, तर ज्या पोरी ८५ ते २००५ च्या दरम्यान जन्मल्या त्या एवढ्या संख्येने आहेत की त्यांनी एक-एक दोन-दोनच मुलं केली तरी पाळणे भरपूर हलतात, आणि वरची म्हातारी माणसं माझ्यासारखी लवकर जात नाहीत. भरलेला उसाचा ट्रॅक्टर उताराला लागला की ब्रेक मारल्या मारल्या थांबतो का, दोन ट्रॉल्या मागून ढकलत असतात. युनोचा अंदाज असा की भारत २०६० नंतर कधीतरी १७० कोटींच्या आसपास जाऊन मग उतरणीला लागेल. म्हणजे ब्रेक लागलाय, पण अजून २५-३० कोटी माणसं यायचीच आहेत, तुम्ही कायदा करा नाहीतर न करा. ती थांबवता येत नाहीत, कारण त्यातल्या बहुतेकांच्या आया आधीच जन्मल्यात.

आणि कायद्याचं काय होतं हे मी सांगतो कारण मी तो राबवलाय. १९७६. मला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. वरून टार्गेट आलं, तलाठी, मास्तर, ग्रामसेवक प्रत्येकाने नसबंदीच्या इतक्या केसेस द्यायच्या, नाही दिल्या तर पगार थांबला. आमच्या विधिमंडळाने तर तीन मुलं झाली की सक्तीने नसबंदी असं बिलसुद्धा पास केलं होतं, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून राहिलं. माझ्या दोन केसेस कमी पडत होत्या. एक माणूस मी नेला त्याचं वय साठच्या वर होतं, बायको मेलेली, त्याला पैशाची गरज होती आणि मला पगाराची. दुसरा एक गडी होता, थोडा भोळसट, लग्न नव्हतं झालेलं. त्याला जीपमध्ये बसवताना मी म्हणालो होतो तालुक्याला जत्रा आहे. पुढे त्याचं लग्न कधी झालंच नाही, जमत आलेलं एक स्थळ ही गोष्ट कळल्यावर मोडलं. तो आता नाही, मी आहे आणि पेन्शन खातोय. पन्नास वर्षं झाली, हे मी घरात सोडून कुणाला बोललो नव्हतो, आज लिहिलं.

त्या एका वर्षात देशात ८० लाखांच्या वर नसबंदी झाल्या आणि त्यातले बहुतेक पुरुष होते. मग ७७ ला निवडणूक आली, सरकार पडलं, आणि त्या दिवसापासून कुठल्याही पुढाऱ्याने पुरुषाला हात लावायची हिंमत केली नाही. सगळं ओझं गेलं बायकांवर. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत बघा, ऑपरेशन केलेल्या बायका जवळपास ३८ टक्के आणि पुरुष ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं, पोट फाडायला लागत नाही, तरी ‘गड्याला ताकदीचं काम असतं’ म्हणून बाईलाच शाळेच्या वर्गात नाहीतर दवाखान्याच्या फरशीवर लायनीत झोपवायचं. मी लोकांना एवढं सांगत फिरलो, पण स्वतःच्या वेळी काय केलं? दोन पोरी झाल्या, मुलगा पाह्यजे म्हणून तिसरा चान्स घेतला, आणि ऑपरेशन केलं हिने. ही आजपण पाऊस आला की कंबर धरते आणि मला म्हणते, तुमच्या टार्गेटमध्ये तुमचं नाव कधी लागलं नाही ते.

सक्तीचा दुसरा नमुना आपल्या समोर चालू आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. ऐकायला ठीक वाटतं. आमच्या शेजारच्या गावात एका बाईचं सदस्यपद यात गेलं, तिसरं मूल पाह्यजे होतं नवऱ्याला आणि सासूला, पद गेलं हिचं. नवरा पुढच्या वेळी पॅनेल चालवत होता. आणखी एका ठिकाणी पोराचा जन्म मामाच्या घरी, नाव मामाच्या रेशनकार्डावर, आणि इकडे शपथपत्रात दोनच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोनच मुलं आणि त्यात मुलगा तर पाह्यजेच, मग कुणाचा नंबर कापला जातो हे सांगायला नको. २००१ ला महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. हे नुसत्या पंचायतीच्या नियमाने झालं असं मी म्हणत नाही, सोनोग्राफीचे धंदे त्याआधीपासून होते, १९९४ चा गर्भलिंग तपासणीबंदीचा कायदा असूनसुद्धा होते. पण घर लहान ठेवा हे आपण सांगितलं आणि मुलीला मुलाएवढं धरा हे सांगायचं राहिलं, त्याचा हा हिशोब आहे.

आता ती पोरं लग्नाची झालीत. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात मुंडावळ्या बांधून नवरदेव घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा घेऊन गेले होते, आम्हाला बायको द्या म्हणून. टीव्हीवर लोक हसले. मला हसू आलं नाही कारण आमच्या गावात पस्तिशीच्या पुढची बिनलग्नाची पोरं मी बोटावर मोजायची सोडून दिलीत. मुलीचा बाप पहिलं विचारतो रान किती, मग विचारतो नोकरी आहे का, मग पुण्यात फ्लॅट आहे का. अठरा गुंठ्यावाल्याने काय सांगायचं.

नोकरीवरून सांगतो. पूर्वी आमच्या भागातलं जास्तीचं माणूस मुंबईला जायचं. माथाडीत जायचं, गिरणीत जायचं, परळ-लालबागला गाळ्यात दहाजण राहायचे आणि मनिऑर्डर गावाला यायची, त्यावरच आमची सात एकरं टिकली होती हे खरं. ८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या. आता पोरं चाकणला नाहीतर रांजणगावला ठेकेदाराकडे लागतात, अकरा महिन्याला ब्रेक, परत गावाला, परत दुसरा ठेकेदार. आणि मधल्या काळात अभ्यासिका. २०२३ ला तलाठ्याची भरती निघाली, साडेचार हजारांच्या आसपास जागा, दहा लाखांच्या वर अर्ज! मी १९७४ ला लागलो तेव्हा आमच्या तालुक्यात पोस्ट होत्या आणि मॅट्रिक पास माणूस शोधायला लागत होता. आता इंजिनियर पोरगं माझ्याकडे येऊन विचारतं, आजोबा फेरफार म्हणजे काय हो, परीक्षेला येतं. टीव्हीवरची सूटबुटातली माणसं याला डेमोग्राफिक डिव्हिडंड म्हणतात, म्हणजे तरुण हात जास्त म्हणून देशाला होणारा फायदा. असेल. अभ्यासिकेची फी भरणाऱ्या बापाला विचारा डिव्हिडंड कुठल्या खात्यात जमा होतोय.

व्हाट्सॲपवर रोज एक मेसेज येतोच, की अमुक लोक इतकी पोरं काढतात आणि तमुक वर्षी आपण अल्पसंख्य होणार. आकडे आहेत ते बघावेत एवढंच म्हणतो. १९९२-९३ च्या पाहणीत मुस्लिम बाईला सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ ला २.३६, हिंदू बाईला तेव्हा ३.३, २०१९-२१ ला १.९४. फरक आहे, पण दोन्ही उतरतायत आणि त्यांचा उतार जास्त आहे. बिहारमधल्या हिंदू बाईला केरळातल्या मुस्लिम बाईपेक्षा जास्त मुलं आहेत. मग हे धर्माचं की शाळेचं? अजिबात न शिकलेल्या बाईला २.८ आणि बारावी किंवा त्याच्या वर शिकलेलीला १.८, हा २०१९-२१ च्याच पाहणीतला आकडा. एवढा एक मुद्दा सोडून मी त्या वादात पडत नाही, पारावर त्यावरून एकदा चपला निघाल्यात.

माझ्या मते कुणी न बोललेली गोष्ट लग्नाच्या वयाची आहे. तलाठ्याच्या डोक्याने बघा. पिढी वीस वर्षांत पलटली तर शंभर वर्षांत पाच वेळा वारस नोंद होते. तीस वर्षांत पलटली तर तीन वेळा. मुलं दोनच धरा दोन्हीकडे, तरी एकाच वेळी जिवंत असणाऱ्या पिढ्या एकीकडे चार आणि एकीकडे तीन. म्हणजे पोरगी अठराऐवजी पंचविसाव्या वर्षी लग्न करते एवढ्यानेच गर्दी कमी होते, कुणाचं रेशन न कापता. आणि आपल्याकडे काय आहे, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांत जवळपास २२ टक्के अशा की ज्यांचं लग्न अठराच्या आत झालं. परभणी, बीडला हे ४० टक्क्यांच्या वर. ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी लागते, उचल (आगाऊ पैसे) जोडीला मिळते, आईबाप सहा महिने कारखान्यावर, वयात आलेली पोरगी पालावर न्यायची की एकटी गावात ठेवायची, मग देतात उरकून. तिथे हंगामी वसतिगृह नीट चालवलं आणि दहावीच्या पुढची एसटी वेळेवर सोडली तर माझ्या १९७६ च्या जीपपेक्षा जास्त काम होईल. यावर किती आमदार बोलले सांगा.

आणि साहेब, एवढी सगळी भांडणं आपण २०११ च्या आकड्यावर करतोय. २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली, कोविड संपला तरी पुढेच जात राहिली. आता १ मार्च २०२७ ही तारीख ठरलीय. १८८१ पासून दर दहा वर्षांनी होणारी मोजणी, महायुद्धात सुद्धा १९४१ ला केलेली, ती आपल्याला सोळा वर्षं जमली नाही. तुम्ही म्हणाल मोजल्याने काय पोट भरतं का, तर हो भरतं. अन्न सुरक्षा कायद्यात किती लोकांना धान्य द्यायचं ते २०११ च्या जनगणनेवर ठरलंय. महाराष्ट्राच्या वाट्याला सात कोटींच्या आसपास. त्यानंतर जन्मलेलं पोरगं, लग्न होऊन आलेली सून, यांचं नाव चढवायला गेलं की पुरवठा शाखेतून एकच उत्तर, इष्टांक (ठरवून दिलेला कोटा) संपला. कुणीतरी मेलं की जागा होते. आमच्या वस्तीवर एका घरात माणसं आठ आणि धान्य पाच जणांचं, सहा वर्षं झाली फॉर्म देऊन. रेशन बंद करा म्हणणाऱ्या वाचकाला सांगा, ते आधीच बंद आहे, कायदा न करता.

खासदारांच्या जागांचंही याच्यावरच अडलंय. १९७६ ला ठरवलं की ७१ च्या लोकसंख्येवर जागा गोठवायच्या, म्हणजे कुटुंब नियोजन करणाऱ्या राज्याचा तोटा होऊ नये. ती मुदत वाढवत वाढवत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आणली, ती आता आलीच. केरळ-तमिळनाडूवाले ओरडतायत की आम्ही ऐकलं त्याची शिक्षा का. आंध्रचे चंद्राबाबू नायडू तर जास्त मुलं जन्माला घाला म्हणायला लागलेत, ज्या आंध्रात पंचायतीला दोन मुलांची अट होती ती २०२४ ला काढूनच टाकली. एका देशात एकाच वेळी एक म्हणतोय थांबा आणि दुसरा म्हणतोय होऊ द्या.

राहता राहिली म्हातारी माणसं. २०५० पर्यंत दर पाचात एक माणूस साठीच्या वरचा असेल असा अंदाज आहे. आमच्या आळीत तो २०५० कधीच आलाय. संध्याकाळी सात वाजता बत्ती लागते ती चार घरात, चारही घरात दोन-दोन म्हातारी, पोरं पुण्याला आणि सणाला गाडी घेऊन येतात. दोन मुलांवर थांबलेले आम्ही, तीनवर थांबलेले आम्ही, आता गोळ्या आणायला शेजारच्या पोराला हाक मारतो. मला पेन्शन आहे म्हणून चाललंय, ज्याला अठरा गुंठे आहेत त्याला ते म्हातारपणी कोण कसणार, विकायला काढलं तर ४१ सह्या.

पत्र फार लांबलं, तुम्ही कापून छापणारच, त्यातला १९७६ चा भाग कापू नका एवढी विनंती. आणि माझं नाव, गाव छापू नये. आमच्या वाटपाचा कलम ८५ चा अर्ज तहसीलला चालू आहे, पुढची तारीख याच महिन्यात आहे आणि समोरचा चुलतभाऊ तुमचाच पेपर घेतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तलाठी, जि. सातारा